हात वर

रुवीत, सोनाराच्या दुकानावरच्या मजल्यावर
दर दुसऱ्या शुक्रवारी आमची सभा.
खुर्च्या गोलात मांडायच्या,
रांगा केल्या तर समोरच्याच्या पाठीशी काय बोलणार?
आणि बल्ब चांगला शंभरचा.
इथे अंधार म्हणजे तोंडावर हात.

मी खजिनदार. ऐकू येणारा. अकरा वर्षं.
इस्पितळ, बँक, कफीलचं ऑफिस,
सगळीकडे यांच्या पुढे मी उभा,
यांचे हात माझ्या तोंडाने वाचून दाखवणारा,
आणि हळूहळू, खोटं कशाला बोलू,
यांना न विचारताच उत्तरं देणारा.

यंदा गुलनार मुकादम अध्यक्ष झाली.
दापोलीची. मत्राच्या बाजारात अबायांवर खडे लावते.
पहिल्याच सभेत तिने आमच्या फलकावर बोट ठेवलं:
'मूकबधिर साहाय्य मंडळ'.
पहिली दोन अक्षरं झाकली तळव्याने
आणि भुवया उंचावून विचारलं,
मूक कोण आहे इथे?
अर्धा तास सगळे एकदम बोलत होते,
शाजी तर खुर्चीवर चढून.

सिमेंटवाल्या शेठने मला बाजूला घेतलं.
"मूक असू द्या हो. त्याशिवाय लोकांना कळवळा येत नाही.
देणगी आटेल."
मी ते सगळ्यांना हातांनी सांगितलं.
शेठला वाटलं, मी माश्या हाकलतोय.
ठराव पास. तेवीस विरुद्ध चार.
चारांत मी होतो.
भाडं एकशे ऐंशी रियाल, महिन्याचं, मला पाठ आहे.

मग आगीचं प्रकरण.
घालाच्या कामगार कॅम्पात रात्री भोंगा वाजला,
सगळे उतरले. तिसऱ्या मजल्यावरचा रोडेल
कुशीवर वळला फक्त.
कुणी एक चार्जर विसरला म्हणून परत वर गेला,
तेवढ्या चार्जरवर रोडेल आज इथे बसलाय,
चहात बिस्कीट बुडवत.

मागणी एवढीच: प्रत्येक खोलीत
भोंग्याबरोबर लुकलुकणारा लाल दिवा.
कार्यालयात सांगितलं, तक्रार फोनवर नोंदवा.
पुन्हा गेलो, एकोणीस जण.
नंबर लाउडस्पीकरवर पुकारत होते.
मला ऐकू आला.
गुलनारने डोळ्यांनीच दटावलं: बस खाली.
तीन वेळा आमचा नंबर येऊन गेला.
चौथ्यांदा एकोणीस मोबाईलचे टॉर्च
खिडकीतल्या माणसाच्या चेहऱ्यावर
लागले, विझले, लागले, विझले.
पहारेकरी धावत आला.
खिडकीतला माणूस डोळे चोळत उभा राहिला.
कानाडोळा करायचा म्हटला तरी
डोळा मोकळा हवा ना.

एका इमारतीत दिवे लागले. बेचाळीस खोल्या.
बाकीच्या कॅम्पांचा विचार चालू आहे,
असं पत्र आलंय. फाईलला लावलंय.

काल घटनादुरुस्ती:
समितीत सगळे बधिरच असतील.
ऐकणाऱ्यांनी यावं, बसावं, खुर्च्या मांडाव्यात,
मत देऊ नये.
मराठीत हात वर करणं म्हणजे अंग काढून घेणं.
गुलनारला हे एकदा समजावलं होतं,
तिला आपली भाषाच विचित्र वाटली.
हात वर करतो तो तर जबाबदारी घेतो, ती म्हणाली.
मी हात वर केला.
दोन्ही अर्थांनी, बहुतेक.
माझं शेवटचं मत मोजून
ती पुढच्या विषयाकडे वळली.

वह्या, किल्ली, पेटी रोडेलकडे दिली.
पहिल्याच पानावर त्याने
माझी साडेतीन रियालची चूक काढली.
काढू दे.

निघताना सवयीने बटण दाबलं.
मागे वळलो तर कोपऱ्यात शाजी आणि एक नवा मुलगा,
वाक्य अर्ध्यात तुटलेलं,
चार हात काळोखात तसेच थांबलेले.
दिवा लावला पुन्हा.
छातीवर मूठ फिरवली: माफ करा.
शाजीने मान हलवली,
आणि जिथे तुटलं होतं तिथूनच बोलू लागला.